लेसरनं चष्मा गेला, पण डोळे कोरडे पडले: अश्रूंचं नेमकं काय बिघडतं आणि काय करायचं?

नेत्रा_ठाणे (धागाकर्ती)

लॅसिक, स्माईल किंवा पीआरके या चष्मा घालवणाऱ्या लेसर शस्त्रक्रिया झाल्यावर डोळे चुरचुरतात, संध्याकाळी स्क्रीन धूसर दिसते, थेंब घालून तासाभरात परत तेच, असे प्रश्न इथे वरचेवर येतात. उत्तरात कुणीतरी एखाद्या ड्रॉप्सचं नाव सुचवतं आणि विषय तिथेच थांबतो. ऑप्टोमेट्री, औषधं आणि नेत्रशल्य या क्षेत्रांतली मंडळी इथे आहेत, म्हणून हा धागा. अनुभवकथनासाठी वेगळा धागा आहेच. इथे कारणं, तपासण्या आणि उपचार एवढंच ठेवूया.

सुरुवात मूळ बिघाडापासून करते. या कोरडेपणाकडे नुसतं 'पाणी कमी झालं' म्हणून पाहिलं की उपचार चुकतात. बिघाड मज्जातंतूंपासून सुरू होतो. कॉर्नियात, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात, रक्तवाहिन्या नसतात, पण मज्जातंतू भरपूर असतात. ते कडेनं आत शिरतात, मधल्या थरातून वर येतात आणि सर्वांत बाहेरच्या पेशींच्या खाली जाळं करतात. लॅसिकमध्ये साधारण १०० ते १२० मायक्रॉन जाडीचा फ्लॅप, म्हणजे एका बाजूनं जोडलेला झाकणासारखा पापुद्रा, कापतात. बिजागरीची बाजू सोडली तर बाकी सगळीकडून हे तंतू तुटतात. त्यानंतर लेसर खालच्या थरातलेही तंतू उडवतो. नंबर जितका जास्त, तितकं खोल कोरावं लागतं.

तंतू तुटले की तीन गोष्टी होतात. डोळ्याकडून मेंदूला 'कोरडं पडतंय' हा निरोप कमी जातो, त्यामुळे अश्रुग्रंथी कमी पाणी सोडते. पापण्यांची उघडझाप मंदावते. तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात: हेच तंतू पृष्ठभागावरच्या पेशींना जगायला लागणारे घटकही पुरवतात. ते थांबलं की पाणी पुरेसं असूनही पेशी कमकुवत होतात आणि कॉर्नियावर बारीक ठिपके दिसू लागतात. जोडीला शस्त्रक्रियेत डोळा घट्ट धरणाऱ्या सक्शन रिंगमुळे बुळबुळीत म्यूसिन तयार करणाऱ्या गॉब्लेट पेशी दबतात, आणि कॉर्नियाचा आकार बदलल्यामुळे पापणी अश्रू पूर्वीसारखे पसरवत नाही.

आता यातली फसवी बाजू. पहिल्या काही आठवड्यांत डोळा खरोखर कोरडा असतो, पण संवेदना बोथट असल्यामुळे त्रास त्या मानानं कमी जाणवतो. पुढे तंतू परत वाढतात तेव्हा काहींच्या बाबतीत उलटं होतं. डोळा बराचसा सुधारलेला असतो, तरी तो टोचत राहतो. म्हणून 'किती त्रास होतो' आणि 'किती कोरडा आहे' हे दोन वेगळे आकडे समजायचे आणि दोन्ही मोजायचे.

पापणीकाठ

उत्तम सुरुवात. काळाचा अंदाज जोडतो. त्रास सर्वांत जास्त पहिल्या तीन महिन्यांत असतो, आणि बहुतेकांचा सहा ते बारा महिन्यांत बराच कमी होतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेनं तिथल्या संरक्षण खात्याबरोबर लॅसिकवर 'प्राऊल' नावाचे दोन अभ्यास केले. त्यांचे निष्कर्ष २०१७ साली आले. आधी कोरडेपणाची काहीच तक्रार नसलेल्यांपैकी २८ टक्क्यांपर्यंत लोकांनी तिसऱ्या महिन्यात तशी लक्षणं सांगितली. त्याच अभ्यासांत ९५ टक्क्यांहून जास्त लोक दृष्टीबद्दल समाधानी होते. समुपदेशनात दोन्ही आकडे एकत्र सांगायला हवेत. नुसता दुसरा सांगणं ही जाहिरात झाली आणि नुसता पहिला सांगणं ही घबराट.

तंतूंची भरपाई मात्र सावकाश होते. पीआरकेनंतर (यात फ्लॅप न कापता वरचा पेशींचा थर काढून लेसर करतात) त्यांची घनता साधारण दोन वर्षांत जवळपास पूर्ववत होते. लॅसिकनंतर पाच वर्षांनीही ती आधीइतकी भरत नाही असं दिसलेलं आहे. तरीही बहुतेकांना त्रास नसतो, कारण संवेदना त्याआधीच बऱ्यापैकी परतलेली असते.

कोथरूडकर_क

स्माईलमध्ये कोरडेपणा येतच नाही असं ठामपणे सांगितलं जातं. ते खरं आहे का? आणि 'ब्लेडलेस' असेल तर तंतू वाचतात का?

पापणीकाठ

दोन्ही अर्धवट आहे. ब्लेडलेस म्हणजे फ्लॅप ब्लेडऐवजी फेम्टोसेकंद लेसरनं कापतात. फ्लॅप कापला जातोच आणि तंतूही तुटतातच. फ्लॅपची जाडी एकसारखी येते हा त्याचा फायदा, आणि तो मोठा आहे. पण प्रश्न वेगळा आहे.

स्माईलमध्ये फ्लॅप नसतो. आतल्या आत एक चकती तयार करून ती साधारण २ ते ४ मिलिमीटरच्या छेदातून बाहेर काढतात. वरच्या थरातले बरेच तंतू त्यामुळे वाचतात आणि संवेदना लवकर परत येते. सहा महिन्यांच्या सुमारास लक्षणं आणि अश्रुपटलाची (डोळ्यावरच्या अश्रूंच्या थराची) स्थिरता या दोन्हींत स्माईल लॅसिकपेक्षा उजवं ठरतं. शर्मरच्या (कागदी पट्टीनं अश्रू मोजायच्या चाचणीच्या) आकड्यात मात्र फारसा फरक सापडत नाही. म्हणजे 'कमी' म्हणा, 'होतच नाही' म्हणू नका. चकती काढतात त्या जागचे तंतू तिथेही जातातच. आणि आधीपासून कोरड्या असलेल्या डोळ्याला स्माईल वाचवत नाही.

नेत्रा_ठाणे

तोच कळीचा मुद्दा. शस्त्रक्रियेआधीची तपासणी नीट झाली तर पुढचा बराच त्रास टळतो. रुग्णानं काय पाहायचं ते सांगते.

अश्रुपटल फुटण्याचा वेळ, म्हणजे टीबीयूटी. फ्लुरोसिन या रंगद्रव्याची पट्टी सलाईनच्या एका थेंबानं ओली करायची, जादा पाणी झटकायचं आणि खालच्या पापणीच्या आत हलकेच टेकवायची. दोन-तीनदा डोळे मिटायला लावायचे आणि मग उघडे ठेवायला सांगायचं. निळ्या प्रकाशात पिवळा फिल्टर लावून पाहिलं की कॉर्निया एकसारखा हिरवा चमकतो. त्यात पहिला काळा डाग उमटेपर्यंतचे सेकंद मोजायचे. तीनदा मोजून सरासरी. १० सेकंदांच्या वर असेल तर छान, ५ च्या आत असेल तर थांबायला हवं. डाग दर वेळी एकाच ठिकाणी आणि डोळा उघडताक्षणी पडत असेल, तर तिथे पृष्ठभागच उंचसखल असू शकतो. त्याला अश्रूंचा दोष समजू नये. लेसर झालेल्या डोळ्यात हे विशेष पाहावं.

शर्मरची पट्टी नंतर. आधी लावली की डोळा चाळवतो आणि टीबीयूटीचा आकडा बिघडतो. पट्टी खाचेपाशी दुमडून खालच्या पापणीच्या बाहेरच्या एकतृतीयांश भागात अडकवायची. पंखा बंद, पाच मिनिटं. भूल न देता १० मिलिमीटरपेक्षा जास्त ओली झाली तर ठीक, ५ पेक्षा कमी म्हणजे पाणीच कमी. या चाचणीचे आकडे एकाच माणसात दोन दिवसांत वेगळे येतात. त्यामुळे एकट्या शर्मरवर निकाल देऊ नये.

मग पापणीच्या काठावर बोटानं किंवा कॉटन बडनं हलका दाब देऊन तेलग्रंथी पाहायच्या. वरच्या पापणीत या ग्रंथी साधारण २५ ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३० असतात. तेल पातळ आणि पारदर्शक आलं तर चांगलं. टूथपेस्टसारखं घट्ट आलं किंवा आलंच नाही, तर आधी त्याचा उपचार.

टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा, या सगळ्याच्या आधी, कुठलाही थेंब न घालता करायची. कोरड्या डोळ्याचं मोजमापच चुकीचं येतं आणि चुकीच्या मोजमापावर लेसर चालवला तर नंबर उरतो. कोरडेपणा सापडला तर उपचार करायचा, मग पुन्हा मोजायचं आणि दोन मोजमापं जुळल्यावरच तारीख घ्यायची.

गोळीथेंब

औषधांच्या बाजूनं. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेत असाल तर ते डॉक्टरांना सांगितल्याशिवाय लेसरला उभं राहू नका. ते तेलग्रंथी सुकवतं. सहसा सहा महिने आधी बंद करायला सांगतात. वीस-पंचविशीत मुरुमांचा कोर्स आणि चष्मा काढण्याची घाई एकाच वेळी असते, म्हणून हे राहून जातं. त्वचारोगतज्ज्ञाला डोळ्यांचं माहीत नसतं आणि डोळ्यांच्या डॉक्टरला गोळ्यांचं. सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या, काही नैराश्यावरची औषधं आणि गर्भनिरोधक गोळ्या यांचाही उल्लेख करावा. संधिवात किंवा शोग्रेन (अश्रू आणि लाळेच्या ग्रंथी सुकवणारा आजार) असेल, तोंडही कोरडं पडत असेल, तर तेही.

काँटॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी तपासणीच्या आधी सॉफ्ट लेन्स एक ते दोन आठवडे आणि कडक लेन्स तीन ते चार आठवडे बंद ठेवाव्यात.

वऱ्हाडी_हवा

ड्रॉप्सबद्दलही लिहा. सगळे ड्रॉप्स सारखेच असतात का? दुकानदार बिनदिक्कत दुसरी बाटली काढून देतो.

गोळीथेंब

सारखे नसतात. बहुतेक वंगण-थेंबांत कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज ०.५ किंवा १ टक्का, नाहीतर सोडियम हायल्युरोनेट ०.१ ते ०.१८ टक्के असतं. दोन्ही चालतात. १ टक्क्याचा जेल जास्त टिकतो, पण थोडा वेळ धूसर दिसतं, म्हणून तो रात्री. खरा फरक परिरक्षकाचा, म्हणजे बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून घातलेल्या रसायनाचा. बाटलीवर 'बेंझाल्कोनियम क्लोराइड' लिहिलं असेल तर ती लेसर झालेल्या डोळ्यासाठी नको. ते पृष्ठभागावरच्या पेशींना आणि वाढू पाहणाऱ्या तंतूंनाही मारक आहे. 'स्टॅबिलाइज्ड ऑक्सिक्लोरो कॉम्प्लेक्स' त्या मानानं सौम्य. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा थेंब लागत असतील तर परिरक्षकविरहितच घ्या, एकदाच वापरायच्या कुप्या किंवा झडपेची बाटली. दुकानदारानं ब्रँड बदलून दिला तर औषधाचं नाव जुळलं म्हणून थांबू नका, परिरक्षकाची ओळ वाचा.

कुपी वापरताना: हात धुवा, टोपी पिळून तोडा, पहिला थेंब बाहेर टाका म्हणजे तोडलेल्या कडेचा प्लास्टिकचा कण जाईल. खालची पापणी ओढून झालेल्या खोबणीत एकच थेंब. डोळ्यात एरवी साधारण ७ मायक्रोलिटर अश्रू असतात, तात्पुरते ३० च्या आसपास मावतात, आणि बाटलीचा एक थेंबच ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. दुसरा थेंब गालावरच येणार. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं सोडा. आधी पातळ, मग जेल, शेवटी मलम. लॅसिकनंतरच्या पहिल्या दिवसांत मलम डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको.

लाली घालवणारे थेंब मुळीच नकोत. ते रक्तवाहिन्या आकसवतात, लाली झाकतात आणि बंद केल्यावर ती दुप्पट येते. गुलाबपाणी, मध आणि काजळही नको.

नेत्रा_ठाणे

स्टेरॉइडच्या थेंबांचं मीही इथेच सांगून ठेवते. शस्त्रक्रियेनंतर ते थोडे दिवस देतात, पीआरकेत जास्त दिवस. बरं वाटतं म्हणून लोक जुनी चिठ्ठी दाखवून पुन्हा घेतात. त्यानं डोळ्यातला दाब वाढतो आणि तो वाढलेला जाणवत नाही. शिवाय लेसरनं कॉर्निया पातळ झालेला असल्यामुळे यंत्र दाब प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतं. दाब मोजताना 'लेसर झालं आहे' हे दर वेळी, अगदी वीस वर्षांनीही सांगायचं.

वऱ्हाडी_हवा

परिरक्षकाची ओळ आता नक्की वाचणार. नागपूर-अकोल्याच्या एप्रिल-मेच्या हवेत थेंब किती वेळ टिकणार हा प्रश्नच आहे. कूलरची हवा ओलसर असते म्हणून ती डोळ्याला चांगली, असं इकडे मानतात.

पापणीकाठ

खोलीतला ओलावा वाढतो हे चांगलंच. पण कूलरचा झोत थेट चेहऱ्यावर आला तर वारा अश्रू उडवतो. झोत भिंतीकडे वळवा. एसीचंही तसंच, आणि गाडीतली जाळी चेहऱ्यावरून पायांकडे फिरवा. पुण्यात दुचाकीवर हेल्मेटची काच वर करून जाणाऱ्यांना शस्त्रक्रियेनंतर काही महिने तरी काच खाली किंवा कडेनं बंद असणारा गॉगल हवा. स्कार्फनं नाक-तोंड झाकलं तरी डोळे उघडेच राहतात.

स्क्रीनचं गणित असं: एरवी मिनिटाला १५ ते २० वेळा पापण्या लवतात, स्क्रीनसमोर ते पाच-सातवर येतं. त्यातही अनेकदा पापणी पूर्ण मिटतच नाही, आणि मग कॉर्नियाचा खालचा पट्टा उघडा राहून तिथेच ठिपके पडतात. मॉनिटर डोळ्यांच्या रेषेखाली ठेवा म्हणजे पापणी कमी उघडावी लागते. दर वीस मिनिटांनी दहा वेळा पूर्ण मिटून, दोन सेकंद थांबून, उघडायच्या.

कोथरूडकर_क

गरम शेक आणि ओमेगा-३ बद्दल काय मत? दोन्ही सर्रास सुचवतात.

नेत्रा_ठाणे

शेक उपयोगी आहे, पण नीट केला तर. घट्ट झालेलं तेल वितळायला पापणीचं आतलं तापमान ४० अंशांच्या आसपास जावं लागतं. ओला रुमाल दोन मिनिटांत थंड होतो, म्हणून तो सारखा बदलत ८ ते १० मिनिटं द्यावा लागतो, किंवा गरम होणारा आयमास्क वापरावा. मग पापणीच्या काठाकडे बोटानं हलका दाब, वरच्या पापणीवर वरून खाली आणि खालच्या पापणीवर खालून वर. लॅसिक झाल्यावर पहिला महिना हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. दाब बुबुळावर येऊन फ्लॅप सरकू शकतो. म्हणून तेलग्रंथींचं काम शस्त्रक्रियेच्या आधीच उरकलेलं बरं.

ओमेगा-३ चा मोठा प्रयोग, 'ड्रीम', २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज ३००० मिलिग्रॅम, वर्षभर. तुलनेला ऑलिव्ह तेल होतं. दोन्ही गटांना बरं वाटलं, दोघांत फरक नव्हता. आवडत असेल तर मासे खा, पण महागड्या कॅप्सूलसाठी परिरक्षकविरहित थेंबांचे पैसे वाचवू नका.

पापणीकाठ

थेंबांनी भागत नसेल तर पुढची पायरी सायक्लोस्पोरिन ०.०५ टक्के, दिवसातून दोनदा. ते पृष्ठभागाची सूज कमी करून स्वतःचे अश्रू वाढायला मदत करतं. परिणाम दिसायला सहा आठवडे ते तीन महिने लागतात आणि सुरुवातीला झोंबतं. 'पंधरा दिवस घातलं, उपयोग नाही' म्हणून सोडून देणारे फार, आणि ते दुःखद आहे, कारण चांगलं औषध त्यामुळे वाया जातं. सुरुवातीची झोंब कमी व्हायला काही डॉक्टर दोन-चार आठवडे सौम्य स्टेरॉइड जोडीला देतात.

अश्रूंचा निचरा होणाऱ्या छिद्रात प्लग बसवणं हा दुसरा मार्ग. कोलेजनचे प्लग आठवड्याभरात विरघळतात, ते चाचणीपुरते. त्यापुढचा प्रकार दोन-तीन महिने टिकतो, आणि सिलिकॉनचे काढेपर्यंत राहतात. क्रम महत्त्वाचा: डोळा सुजलेला असताना प्लग घातला तर सूज आणणारी द्रव्यंही डोळ्यातच कोंडून राहतात. आधी सूज उतरवा, मग प्लग.

गोळीथेंब

प्लगच्या क्रमाबद्दल पूर्ण सहमत. सीरमचे थेंबही यात धरावेत. रुग्णाचं स्वतःचं रक्त गोठू देऊन, यंत्रात फिरवून, वरचं सीरम घेतात आणि निर्जंतुक सलाईनमध्ये साधारण २० टक्क्यांपर्यंत पातळ करतात. त्यात तंतू आणि पेशींना लागणारे वाढीचे घटक असतात, जे कुठल्याही कृत्रिम थेंबात नसतात. मूळ बिघाड मज्जातंतूंचा असल्यामुळे लेसरनंतरच्या हट्टी त्रासाला हे विशेष लागू पडतं. पण यात परिरक्षक नसतो. बाटल्या फ्रीजरमध्ये, एका वेळी एकच बाहेर, आणि ती फ्रीजमध्ये ठेवून सांगितलेल्या मुदतीत संपवायची किंवा टाकून द्यायची. वीज वारंवार जाणाऱ्या गावात हे अवघड जातं, त्याची सोय आधी पाहा.

वऱ्हाडी_हवा

तपासणीत सगळं स्वच्छ, शर्मर चांगलं, ठिपका एक नाही, आणि तरी डोळे आग-आग करतात, उजेड सहन होत नाही, अशांना 'मनाचे खेळ' म्हणून परत पाठवतात. धाग्यात सुरुवातीला म्हटलेलं 'उलटं होतं' ते हेच ना?

नेत्रा_ठाणे

हेच. तुटलेले तंतू वाढताना कधी कधी चुकीचे जुळतात आणि साधी हवाही त्यांना वेदना वाटते. याला मज्जातंतूजन्य वेदना म्हणतात आणि ती खरी असते. ओळखायला दवाखान्यात भुलीचा एक थेंब घालून पाहतात. वेदना थांबली तर उगम डोळ्यातच आहे. तशीच राहिली तर वेदनेची वाट मेंदूच्या बाजूनंही चाळवली आहे, आणि मग नुसत्या डोळ्याच्या औषधांनी भागत नाही. प्रीगॅबालिन, नॉरट्रिप्टिलिनसारख्या गोळ्या मज्जातंतूतज्ज्ञाच्या देखरेखीखाली द्याव्या लागतात. अर्धशिशी किंवा अंगभर जुनं दुखणं असलेल्यांत ही शक्यता जास्त, म्हणून शस्त्रक्रियेआधीच हे विचारायला हवं.

भुलीचा थेंब घरी मात्र कधीही न्यायचा नाही. वारंवार घातला तर वरच्या पेशी झडतात, जखम भरत नाही आणि कॉर्निया विरघळण्यापर्यंत वेळ येते.

पापणीकाठ

त्रासाची वेळही बरंच सांगते. संध्याकाळी वाढत जाणारा, पापणी लववली की क्षणभर स्पष्ट दिसणारा त्रास म्हणजे अश्रू उडून जात आहेत. सकाळी उठल्याबरोबर जास्त असेल तर झोपेत पापण्या पूर्ण मिटतात का, हे घरच्यांना पाहायला सांगा. डोळे उघडताक्षणी सुई टोचल्यासारखी कळ येऊन तासाभरात जात असेल, तर वरचा थर नीट चिकटलेला नाही. त्याला रात्रीचा जेल लागतो आणि तपासणीही. खाज प्रमुख असेल तर ॲलर्जी. जवळचं वाचताना डोके जड होऊन डोळे ओढल्यासारखे होत असतील, तर नंबर जास्त काढला गेलेला असू शकतो, आणि त्यावर थेंब ओतून काहीच होणार नाही.

आणि एकाएकी नजर कमी होणं, वाढती तीव्र वेदना, पू, किंवा डोळ्याला मार लागणं, यांत वाट पाहायची नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

कोथरूडकर_क

शेवटचा प्रश्न. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या महिन्यात पाऊण नंबर उरला असेल आणि डोळेही कोरडे असतील, तर पुन्हा लेसर करायला सांगतात. करावं का?

नेत्रा_ठाणे

तिसऱ्या महिन्यात नको. कोरड्या पृष्ठभागावर मोजलेला पाऊण नंबर खरा किती हे तेव्हा कळत नाही. आधी कॉर्नियावरचे ठिपके जाईपर्यंत उपचार करा, मग काही आठवड्यांच्या अंतरानं दोनदा नंबर आणि टोपोग्राफी काढा. अनेकदा नंबरच उतरतो. दोन्ही वेळा तोच आला, टीबीयूटी सुधारलेला असला आणि कॉर्नियाची जाडी पुरेशी असली, तरच दुसऱ्या लेसरचा विचार. तोवर रात्री गाडी चालवण्यापुरता चष्मा करून घ्या.